लेगो घेऊ का साधे ब्लॉक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी खेळघर चालतं. तिथे लेगो आहे, नागपूरच्या इतवारीतून आणलेले साधे ब्लॉक आहेत आणि जत्रेतून आलेली पाकिटंही आहेत. कापसाचे पैसे हाती आले की आईबापांचे फोन आणि मेसेज सुरू होतात. वाढदिवसाच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी पुन्हा तेच. जे प्रश्न सारखे येतात, ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत.

१. ताई, लेगो अन् बजारातले ब्लॉक एकच असते काय?

नाही. लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची एक कंपनी आहे. ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ मध्ये ती लाकडी वस्तू आणि खेळण्यांपासून सुरू केली. प्लास्टिकचे ठोकळे १९४९ मध्ये आले. वर बटणं आणि आत पोकळ नळ्या ही आजची रचना २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली गेली. त्या साली बनलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

ओळखायचं सोपं आहे. लेगोच्या ठोकळ्याच्या प्रत्येक बटणावर कंपनीचं नाव बारीक अक्षरांत उठवलेलं असतं. ठोकळा उजेडात तिरपा धरला की दिसतं, नखालाही लागतं. नाव नसेल तर तो दुसऱ्या कोणाचा ठोकळा.

दुसऱ्यांचे ठोकळे दोन जातींचे असतात. काही लेगोच्याच मापाचे, त्यांना खाली मी ‘जुळणारे’ म्हटलं आहे. बाकीचे आपल्याच मापाचे, म्हणजे ‘वेगळ्या मापाचे’. सगळा घोळ या दोघांत होतो.

२. दुसऱ्या कंपनीनं तसेच ब्लॉक बनवले, म्हणजे चोरीचा माल झाला ना?

ठोकळा सारखा असणं ही चोरी नाही. पेटंट ठरावीक वर्षांपुरतं असतं आणि १९५८ च्या त्या रचनेचं पेटंट कधीच संपलं आहे. त्यानंतर ठोकळ्याच्या आकारावर ट्रेडमार्कचा हक्क सांगायचा प्रयत्न झाला, पण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये तो मानला नाही. काम भागवण्यासाठी जो आकार लागतो, तो कायमचा एकाच्या मालकीचा राहू शकत नाही, असा त्या निकालांचा अर्थ. आणि जोडायच्या ठोकळ्याची कल्पना मुळात लेगोचीही नव्हती. इंग्लंडच्या हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीचे ठोकळे आधी आले होते, लेगोने १९४९ चे ठोकळे त्यांच्यावरूनच बेतले.

दुसऱ्याचा अख्खा सेट, डब्यावरचं चित्र आणि जोडणीचं पुस्तक जसंच्या तसं उचलणं ही मात्र चोरीच. चीनमधल्या लेपिन या नावाने हेच चाललं होतं. २०१९ मध्ये तिथे पोलिसांनी धाड टाकली आणि २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयाने मुख्य आरोपीला ६ वर्षांची कैद सुनावली. लेगोच्या पिवळ्या तोंडाच्या छोट्या माणसाचा आकारही नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, तो ठोकळ्यासारखा मोकळा नाही.

म्हणून कंपनीचं स्वतःचं नाव, स्वतःचं चित्र आणि स्वतःची रचना असलेला डबा बिनदिक्कत घ्या. लाल चौकोनात लेगोसारखंच अक्षर, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं, असा डबा मी खेळघरात घेत नाही. नाव लपवून विकणारा प्लास्टिकबद्दल तरी खरं कशाला सांगेल?

३. घरी लेगोचा एक सेट आहे. त्यावर दुसरे ब्लॉक बसतील काय?

जुळणारे असतील तर बसतील. लेगोच्या मापात एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाचा मध्य ८ मिलिमीटरवर असतो. ठोकळ्याची उंची बटण सोडून ९.६ मिलिमीटर, चपट्या पीसची ३.२, म्हणजे तीन चपटे एकावर एक ठेवले की एक ठोकळा होतो.

दुकानात जाताना घरचा एक ठोकळा खिशात ठेवा आणि बसवून बघा. दुकानदार डबा उघडू देत नसेल तर वरचं चित्र पाहून विश्वास ठेवू नका, चित्रात सगळेच सारखे दिसतात. घरी तपासायचं असेल तर कंपासपेटीतली पट्टी पुरे. दहा ठोकळ्यांचा मनोरा करा, सगळ्यात वरची बटणं सोडून उंची ९.६ सेंटिमीटर भरली पाहिजे. साडेनऊ किंवा पावणेदहा भरली तर लेगोशेजारी भिंत बांधताना थर वरखाली होतील.

अगदी लहान मुलांचे मोठे ठोकळे, लेगोत त्यांना डुप्लो म्हणतात, लांबी, रुंदी आणि उंचीत बरोबर दुप्पट असतात. त्यामुळे छोटे ठोकळे त्यांच्यावर बसवता येतात. बाजारातल्या मोठ्या ठोकळ्यांचं असं होईलच असं नाही. आठवडी बाजारात पिशवीतून येणारे मऊ प्लास्टिकचे ब्लॉक बहुतेक वेगळ्या मापाचे असतात. ते वाईट नाहीत, पण त्यांचं घर वेगळं ठेवा. एका आट्याचा नट दुसऱ्या आट्याच्या बोल्टवर चढवायला गेलं तर दोन्ही बिघडतात, तसंच हे.

४. दिसायले तर सारखेच दिसते. मंग हातात घेतल्यावर फरक कोठी कळते?

पकडीत. बाकी सगळं त्यानंतर.

चांगला ठोकळा बसताना बारीक टक् होतो, उचलला तर खालचा घेऊन येतो आणि सात-आठ वर्षांच्या पोराच्या बोटांनी सुटतोही. या तिन्ही गोष्टी एकाच ठोकळ्यात आणायच्या तर साचा फार नेमका लागतो. लेगोचा साचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा कमी फरकावर चालतो. साचा जुना झाला, थंड व्हायला कमी वेळ दिला, प्लास्टिकमध्ये भेसळ केली की पहिल्यांदा पकड जाते. एका ठोकळ्यात ते कळत नाही. पंधरा-वीस थरांची भिंत बांधा, मग बघा. सैल ठोकळ्यांची भिंत बोट लावताच मधूनच उघडते, घट्ट ठोकळे मुलं दातांनी काढतात. आमच्याकडे दातांच्या खुणा असलेले ठोकळे जवळजवळ सगळे एकाच स्वस्त पाकिटातले आहेत.

दुसरा फरक लांब चपट्या पीसमध्ये. आठ-दहा बटणांचा चपटा पीस टेबलावर पालथा ठेवा. हलक्या मालाचा पीस धनुष्यासारखा वाकलेला असतो, टोकं वर उचललेली. त्यावर छप्पर बांधलं की एक कोपरा बसतच नाही आणि लेकरू समजतं आपलंच काही चुकलं. मला सगळ्यात राग याचा येतो. चूक मालाची असते आणि हिंमत पोराची खचते.

तिसरा फरक वजनात. दोन बाय चार बटणांचा लेगोचा ठोकळा सुमारे २.३ ग्रॅमचा, म्हणजे तसे १०० ठोकळे सुमारे २३० ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर हे सहज मोजता येतं. बरंच कमी भरलं तर भिंती पातळ आहेत, कोपरे लवकर तडकतील.

रंगाचा फरक मी मोजत नाही. दोन डब्यांतला लाल थोडा वेगळा निघाला म्हणून मुलं कधी अडत नाहीत, मोठेच अडतात.

हे सगळं खरं असलं तरी आजचे चांगले जुळणारे ठोकळे लेगोच्या फार जवळ आले आहेत. पोलंडच्या ‘कोबी’ नावाच्या कंपनीसारख्या जुन्या कंपन्या आहेत, काही चिनी कंपन्यांचा माल डोळे मिटून हातात दिला तर ओळखू येत नाही. ‘लेगो नाही म्हणजे टाकाऊ’ हे मत आता सोडायला हवं.

५. लेगो एवढं महाग काहून?

साचा आणि तपासणी हे एक कारण (प्रश्न ४). १९६३ पासून ठोकळ्यांसाठी वापरलं जाणारं एबीएस नावाचं टणक प्लास्टिक हे दुसरं. सिनेमातल्या पात्रांचे सेट असतील तर त्या सिनेमावाल्यांना द्यायची रक्कमही किमतीत येते. त्यावर आपल्या देशात आयात शुल्क: खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. उरलेली किंमत नावाची.

तुलना करताना किमतीला पीसच्या संख्येने भागा. १००० रुपयांत २५० पीस म्हणजे पीसला ४ रुपये. पण हा हिशोब एकटा फसवतो. ‘५०० पीस’ लिहिलेल्या काही डब्यांत निम्मे पीस एका बटणाचे दाणे असतात, त्यांनी घर बांधता येत नाही. दोन बाय चार आणि दोन बाय दोन किती, ते विचारा.

६. हजार रुपयेच काढता येते. लेगोचा छोटा डबा घेऊ का साध्या ब्लॉकचा मोठा?

साध्या, पण जुळणाऱ्या आणि आयएसआय खूण असलेल्या ब्लॉकचा मोठा डबा घ्या. लेगोच्या छोट्या डब्यात एक गाडी होते. ती एका संध्याकाळी जोडून होते आणि मग कपाटावर जाते, कारण पीस इतके कमी की दुसरं काही बनत नाही. ठोकळ्यांचा खेळ खरा सुरू होतो तो ढीग असल्यावर. दोन बाय चारचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हे गणितज्ञांनी मोजून ठेवलं आहे. महाग डबा नसला तरी सहा नीट पकड असलेले ठोकळे घरात हवेत.

सिनेमाच्या चित्राचा, एकाच वस्तूचा डबा नको. मिश्र ठोकळे, थोडी चाकं, दोन-चार खिडक्या आणि शक्य असेल तर एक मोठी बेसप्लेट, म्हणजे ज्यावर बांधायचं ती बटणांची चपटी पाटी, घ्या. पैसे जास्त असतील आणि लेगोच घ्यायचं असेल तर ‘क्लासिक’ नावाची डबी बघा, त्यातली मोठी ७९० पीसची आहे आणि त्यात ठरलेलं एकच मॉडेल नाही.

भाऊबहीण, चुलतभाऊ यांना वेगवेगळ्या कंपन्यांचं देऊ नका. एकाच मापाचं द्या, म्हणजे सुट्टीत ढीग एकत्र होतो.

७. आयएसआय खूण खेळण्यावर पण लागते काय?

लागते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे, देशी असो की परदेशी. लेगोलाही सुटका नाही. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. फोनमध्ये ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अ‍ॅप घ्या आणि तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का, ते दिसतं. नुसती खूण छापायला काही लागत नाही, म्हणून क्रमांक तपासाच. ‘सीई’ ही युरोपची खूण आहे, ती आयएसआयच्या जागी चालत नाही.

ही तपासणी रंगातलं शिसं, तीक्ष्ण कडा, सुटून येणारे बारीक भाग यांसाठी असते. पकड कशी आहे, ते ती सांगत नाही. बहिरमच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात सुट्या पाकिटावर खूण दिसत नसेल तर ठोकळा नाकाजवळ नेऊन बघा. रॉकेलसारखा उग्र वास आला, रंग बोटाला लागला, कडेला प्लास्टिकची धार राहिली असेल तर परत ठेवा. यात वास नसला म्हणजे माल सुरक्षित, असं मात्र समजू नका.

८. मंग तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर खूण काहून नसते?

हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. आपल्या सुताराचा बैल वाईट म्हणून खूण नाही, असं नव्हे. बैलाला कोणता रंग दिला ते मात्र त्याला विचारा, लहान लेकरं शिंगं तोंडात घालतात.

दुसरी एक पळवाट आहे. डब्यावर ‘१४+’ किंवा ‘शोभेची वस्तू’ लिहिलं की तो माल खेळण्यांच्या नियमाबाहेर असल्याचा दावा करता येतो. पोरांसाठीच दिसणाऱ्या कार्टूनच्या डब्यावर असं लिहिलं असेल तर सावध व्हा.

९. दोन वर्षांचं लेकरू आहे घरात. छोटे ब्लॉक ठेवू का नको?

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती छोटे ठोकळे नकोत, कोणत्याही कंपनीचे. घशात अडकतात. त्याच्यासाठी मोठे घ्या (प्रश्न ३) आणि मोठ्या भावंडाचे छोटे पीस झाकणाच्या डब्यात वर ठेवा.

त्याहून धोका दिवे लागणाऱ्या पीसचा. जत्रेतल्या काही पाकिटांत लुकलुकणारा ठोकळा असतो, त्यात बटणाएवढा सेल असतो आणि झाकणाला स्क्रू नसतो. असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, वाट बघू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि सेल गिळला असं स्पष्ट सांगा. गोल बारीक चुंबकं असलेले सेटही लहान मुलांच्या घरात नकोत. दोन चुंबकं पोटात गेली की आतडी मध्ये चिमटून धरतात.

१०. ऑनलाइन स्वस्त दिसते. मागवू काय?

मागवा, पण आधी आपला पिनकोड टाकून माल परत न्यायला माणूस येतो का ते बघा. आमच्याकडच्या अनेक गावांत पोहोचवायला येतात, परत न्यायला येत नाहीत. वर्णनात ठोकळ्याचं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं हवं, कारण ‘मायक्रो’ नावाचे निम्म्या मापाचे ठोकळे फोटोत मोठे दिसतात आणि कशावरच बसत नाहीत. घेणाऱ्यांनी टाकलेले फोटो बघा, कंपनीचे नाही. डबा उघडताना व्हिडिओ काढा. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

११. सेटमधला एक पीस कमी निघाला. आता?

आधी पिशवीचे कोपरे आणि पुस्तकाची पानं झटका, बहुतेकदा तिथेच सापडतो. लेगोकडे कमी निघालेला पीस मागायची सोय त्यांच्या संकेतस्थळावर आहे. इतर कंपन्यांत दुकानदारावर अवलंबून. म्हणून साध्या सेटमध्ये सुरुवातीलाच सगळे पीस पुस्तकाच्या यादीशी ताडून बघा, जोडायला बसण्याआधी. हरवलेल्या साध्या पीसच्या जागी दुसरा जुळणारा चालतो.

१२. आपल्या उन्हाळ्यात ब्लॉक वितळत तर नाही?

वितळत नाहीत. एबीएस मऊ पडायला सुमारे १०० अंश लागतात, आपलं ४६-४७ त्याला काही करत नाही. पण बंद गाडीची काच, टिनाच्या छपराला लागून असलेला माळा, गच्चीवर उन्हात वाळत घातलेलं सूप, इथे स्वस्त मालाचे लांब पीस आणखी वाकतात. खरं नुकसान उन्हाच्या किरणांनी होतं. पांढरे आणि करडे ठोकळे पिवळे पडतात, प्लास्टिक ठिसूळ होतं. हे लेगोचंही होतं.

धुवायचं पाणी ४० अंशांच्या वर नको, असं लेगो स्वतः सांगतं. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर पाणी त्याहून गरम येतं, हात ठेववत नाही. म्हणून सकाळचं हौदाचं पाणी घ्या, थोडं साबण घाला, हाताने धुवा आणि सावलीत सुती फडक्यावर पसरा. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. दिवे-मोटरचे आणि स्टिकर लावलेले पीस आधी बाजूला काढा.

१३. लेगो अन् साधे मिसळले. वेगळे करू काय?

जुळणारे असतील तर खेळण्यासाठी गरज नाही. विकायचे किंवा कोणाला द्यायचे असतील तरच बटणावरचं नाव बघून निवडा (प्रश्न १). वेगळ्या मापाचे मात्र लगेच काढा. ते जोर लावून बसतात, लेगोची नळी फाकवतात आणि तो ठोकळा मग कायमचा सैल होतो.

१४. शाळेसाठी मोटरवाले सेट घ्यायचे आहेत. स्वस्तातले चालतील का, मॅडम?

भोकं असलेले दांडे, चाकं, गिअर आणि ते जोडायच्या खुंट्या चालतील. भोकांमधलं अंतर तेच ८ मिलिमीटर आहे आणि चांगल्या कंपन्यांचे गिअर नीट फिरतात. खुंटी हाताने बसवून, काढून बघा. खुंट्या वाईट असतील तर पाचवीच्या मुलाला त्या ओढून निघत नाहीत.

मोटर आणि सेलच्या डब्याचं तसं नाही. लेगोनेच आपले प्लग पिढीनुसार बदलले आहेत, त्यामुळे नवी मोटर जुन्या डब्याला लागत नाही, दुसऱ्या कंपनीची तर विचारूनच घ्यावी. रोबोचा सेट असेल तर अ‍ॅप किती वर्षं चालेल, हेही विचारा. लेगोची माइंडस्टॉर्म्स ही जुनी नावाजलेली मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली. शाळेच्या पैशातून मला विचाराल तर मोटर कमी आणि साधे दांडे-गिअर जास्त घ्या. कप्पी, तरफ, रहाट हे सगळं हाताने फिरवून शिकवता येतं.

१५. लेगोचं पुस्तक नाही, तरी त्यांचे मॉडेल साध्या ब्लॉकनं बनवता येते काय?

येतात. जोडणीची पुस्तकं लेगोच्या संकेतस्थळावर फुकट उघडतात, जुन्या अनेक सेटचीसुद्धा. रिब्रिकेबल या संकेतस्थळावर लोकांनी स्वतः केलेल्या रचना मिळतात. घरी बसून बनवायला कोणाची आडकाठी नाही, ते बनवून डब्यात घालून विकणं वेगळं (प्रश्न २).

पण पुस्तकाशिवायचं जास्त बनवू द्या. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याच्या आधी मुलं ठोकळ्यांचा नंदी करतात. चार पायांवर पाठ टेकवणं सोपं असतं. अडतं ते वशिंड, कारण चौकोनी ठोकळ्यांतून उंचवटा उतरता करायचा तर वरचा प्रत्येक थर एका बटणाने आत घ्यावा लागतो. आणि मान पुढे काढली की बैल नाकावर पडतो. मग कोणीतरी मागच्या भागात दोन ठोकळे वाढवतं आणि तो उभा राहतो. चाकांवर ठेवून, दोरी बांधून ओढायचा तर सैल ठोकळ्यांचा बैल ओट्यापासून वेशीपर्यंत टिकत नाही. ब्लॉक घेण्याआधी परीक्षा हवी असेल तर ही घ्या.

१६. सैल झालेले ब्लॉक फेविक्विकनं चिकटवले तर?

चिकटवू नका. त्या गोंदाच्या वाफेने आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढरी भुकटी धरते, बटणावर थेंब सुकला तर तो ठोकळा पुन्हा कशातच बसत नाही आणि गोंद मुलांच्या बोटांना, डोळ्यांना धोक्याचा. सैल ठोकळे भिंतीच्या मधल्या थरात घाला, वरून-खालून घट्ट ठोकळ्यांनी दाबले की चालून जातात. अगदीच निकामी असतील तर खेळघरात आणून द्या. मोजणी, रंग आणि नमुने शिकवायला अंगणवाडीच्या ताई ते मागतच असतात, तिथे पकड लागत नाही. फक्त मोठे पीस द्या, बारीक दाणे काढून (प्रश्न ९).